रॅम टाकू, एसएसडी टाकू की नवा लॅपटॉप घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात २०१७ सालचा लॅपटॉप आहे. प्रोसेसर आय-३ ६००६यू, रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) ४ जीबी, हार्डडिस्क १ टीबी, विंडोज १०. चालू व्हायला पाच-सहा मिनिटं घेतो, क्रोम उघडला की हँग होतो. एक दुकानदार म्हणतो रॅम वाढवा, दुसरा म्हणतो एसएसडी (फिरत्या हार्डडिस्कऐवजी चिपांची डिस्क) टाका, भाचा म्हणतो प्रोसेसरच जुना झालाय, नवा घ्या. मुलगी बारावीला आहे. तिला ऑनलाइन तास, पीडीएफ, थोडं वर्ड-एक्सेल आणि मराठी टायपिंग एवढंच लागतं. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आत नेमकं काय चालतं ते कुणी नीट सांगितलं तर माझं मी ठरवीन.’

या शेवटच्या वाक्यामुळे सविस्तर लिहितोय. इचलकरंजीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरवर येणारं गिऱ्हाईक बहुधा ‘किती होतील?’ एवढंच विचारतं, ‘आत काय चालतं?’ हे विचारणारा क्वचित भेटतो.

तुम्हाला सल्ला देणारे तिघेही खोटं बोलत नाहीत. प्रत्येकानं एकेका भागाकडे बोट दाखवलंय. पण संगणकातला कुठलाही भाग सहसा एकटा हळू होत नसतो. रॅम झिजून मंद होत नाही, प्रोसेसर म्हातारा होत नाही. आठ वर्षांपूर्वी तो सेकंदाला जितकी कामं करायचा तितकीच आजही करतो. लॅपटॉप हळू वाटतो तेव्हा आतला कुणीतरी दुसऱ्या कुणासाठी तरी खोळंबलेला असतो. कोण कुणासाठी खोळंबलाय हे शोधलं की पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळतं. त्यासाठी आतली मंडळी कोण कोण आहेत ते आधी पाहू.

प्रोसेसरपासून सुरुवात करू, कारण त्याच्याबद्दल गैरसमज जास्त. लोक त्याला ‘मेंदू’ म्हणतात. मला ते पटत नाही. मेंदूला काहीतरी कळत असतं, प्रोसेसरला काहीच कळत नाही. तो अगदी बारीक बारीक कामं करतो: ही संख्या त्या संख्येत मिळव, या दोन संख्या सारख्या आहेत का बघ, सारख्या असतील तर अमुक जागेवरची सूचना घे, नाहीतर पुढची घे. बस्स. ही सूचना म्हणजेसुद्धा एक संख्याच. एक खरी सूचना दाखवतो: ०००००००१ ११०११०००. हे सोळा अंक इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरसमोर सूचना म्हणून आले, तर तो आपल्या एका कप्प्यातली संख्या दुसऱ्या कप्प्यातल्या संख्येत मिळवतो. हेच सोळा अंक डावीकडून उजवीकडे साधी संख्या म्हणून वाचले तर ४७२ होतात. म्हणजे मेमरीत पडलेली ही रांग बेरजेचा हुकूम आहे की कुणाच्या वीजबिलाची रक्कम, हे त्या रांगेवर कुठेही लिहिलेलं नसतं. प्रोसेसर तिथे सूचना मागायला गेला तर तो हुकूम, आकडा मागायला गेला तर तो आकडा.

संगणक म्हणजे काय, याचं माझ्या मते खरं उत्तर इथे आहे. कॅल्क्युलेटरही बेरीज करतो. पण काय करायचं याची यादी आणि ज्यावर करायचं ती माहिती, दोन्ही एकाच मेमरीत एकाच प्रकारच्या अंकांत ठेवता येतात, म्हणून तेच यंत्र सकाळी टॅली चालवतं आणि दुपारी सिनेमा दाखवतं. १९४५-४६ च्या सुमारास अमेरिकेत एनिॲक हे अवाढव्य यंत्र तयार झालं. त्याला नवं काम द्यायचं तर तारा काढून दुसरीकडे खोचाव्या लागत, स्विच फिरवावे लागत, आणि त्यात दिवसच्या दिवस जात. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ च्या एका अहवालात सूचनाही मेमरीतच ठेवायची ही रचना मांडली, आणि २१ जून १९४८ रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात अशा यंत्रावर पहिला प्रोग्राम चालला. तुमचा लॅपटॉप त्याच रचनेवर चालतो. आणि त्या रचनेत एक मेख आहे: सूचना असो की माहिती, प्रत्येक गोष्टीसाठी प्रोसेसरला मेमरीच्या दारात जावं लागतं.

आता ही मेख किती खोल आहे ते बघा. तुमचा ६००६यू दोन गिगाहर्ट्झचा आहे, म्हणजे त्याच्या घड्याळाचे सेकंदाला दोन अब्ज ठोके पडतात. एक ठोका अर्ध्या नॅनोसेकंदाचा. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम १५ सेंटीमीटर जातो. साधी बेरीज एका ठोक्यात होते. पण त्या बेरजेसाठी लागणारा आकडा रॅममधून आणायचा तर साधारण ९० नॅनोसेकंद लागतात. साटा (डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) एसएसडीवरून आणायचा तर ८० मायक्रोसेकंदांच्या आसपास. आणि तुमच्या हार्डडिस्कवरून आणायचा तर सोळा-सतरा मिलिसेकंद.

नॅनो, मायक्रो, मिली हे सगळं कानाला सारखंच बारीक वाटतं, तिथेच घोटाळा होतो. म्हणून एक ठोका म्हणजे एक सेकंद असं धरून बघा. मग रॅममधली वस्तू तीन मिनिटांत हातात येते. एसएसडीवरची वस्तू यायला जवळजवळ दोन दिवस लागतात. आणि हार्डडिस्ककडे या दिवाळीला मागितलेली वस्तू पुढची दिवाळी उलटून महिना झाला की मिळते. प्रोसेसर तोवर काय करतो? दुसरं काही काम हाताशी असेल तर ते, नाहीतर काहीच नाही.

हे माहीत असल्यामुळेच संगणक बनवणाऱ्यांनी मध्ये पायऱ्या बांधल्यात. प्रोसेसरच्या अगदी पोटात कॅश नावाची छोटी, अतिवेगवान मेमरी असते. तुमच्या प्रोसेसरमध्ये तिची सगळ्यात मोठी पायरी ३ एमबीची आहे. त्याखाली रॅम, तुमच्याकडे ४ जीबी. सगळ्यात खाली डिस्क, १ टीबी. जितकं जवळ तितकं लहान, महाग आणि वेगवान. जितकं लांब तितकं मोठं, स्वस्त आणि संथ. नुकतीच लागलेली गोष्ट पुन्हा लागण्याची शक्यता जास्त, या भरवशावर ती वरच्या पायरीवर ठेवून दिली जाते. हा भरवसा बहुतेक वेळा खरा ठरतो, म्हणून संगणक वापरण्याजोगा राहतो. तो ढळला की घरातली माणसं म्हणतात, ‘हँग झाला.’

मेमरीची ही चणचण आजची नाही. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये बनलेला भारतीय संगणक, ज्याला १९६२ साली पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं, त्यात २,७०० व्हॅक्युम ट्यूब होत्या आणि मेमरी होती ४० अंकी अशा २,०४८ शब्दांची (इथे शब्द म्हणजे ०-१ अंकांचा एक गट). आजच्या हिशेबात ती १० केबी भरते. तुमच्या चार जीबीत तसे चार लाखांहून जास्त टिफ्रॅक मावतील. देवनागरीचं एक अक्षर किंवा चिन्ह साठवायला आज सहसा तीन बाइट (एक बाइट म्हणजे असे आठ अंक) लागतात. ‘नमस्कार’ लिहिलं की २१ बाइट झाले. मी लिहितोय हे उत्तर टिफ्रॅकच्या मेमरीत मावलंच नसतं.

आता रॅमकडे या. रॅममध्ये प्रत्येक अंक एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये विजेच्या भारानं टिकवलेला असतो. हा भार गळत असतो, म्हणून सगळ्या रांगा साधारण दर ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भराव्या लागतात. चालू लॅपटॉपची रॅम हे काम अखंड करत असते. वीज बंद झाली की भार गेला आणि सगळं पुसलं. ‘लाइट गेली आणि सेव्ह केलं नव्हतं’ याच्यामागे हेच.

म्हणूनच सकाळी चालू होतानाचा वेळ सगळ्यात जड जातो. बटन दाबल्यावर रॅम कोरी असते. आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो, रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तपासतो, मग डिस्कवरून विंडोजला उठवतो. त्यानंतर विंडोज शेकडो लहान लहान फायली डिस्कवरून उचलून रॅममध्ये आणतं: ड्रायव्हर, सेवा, फॉन्ट, अँटिव्हायरस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, कधीकाळी टाकलेल्या कुठल्यातरी ॲपचा अपडेट करणारा प्रोग्राम. या फायली डिस्कवर एका ओळीत नसतात, विखुरलेल्या असतात.

आणि इथे हार्डडिस्क उघडी पडते. ती एक फिरती तबकडी आहे. लॅपटॉपमधली बहुतेक मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. वाचणारं टोक आधी योग्य वर्तुळावर सरकतं, त्यात दहा-बारा मिलिसेकंद जातात. मग हवा तो तुकडा फिरत फिरत त्याच्याखाली येण्याची वाट बघावी लागते, सरासरी अर्धी फेरी. मघाचे सोळा-सतरा मिलिसेकंद ते हेच. म्हणजे विखुरलेले तुकडे सेकंदाला जेमतेम साठ. एक तुकडा चार केबीचा धरला तर सेकंदाला अडीचशे केबीसुद्धा हातात येत नाहीत. एकसलग मोठी फाइल असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबी सहज देते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळ्या चिपा. त्यामुळे विखुरलेले तुकडेसुद्धा ती सेकंदाला हजारोंनी देते.

तुमच्या लॅपटॉपवर हे स्वतः बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. लॅपटॉप अडकलेला असताना तिथे बहुधा १०० टक्के दिसेल आणि त्याच्याच खाली वाचण्याचा वेग सेकंदाला एक-दीड एमबी. हे बघून लोक म्हणतात, ‘डिस्क पूर्ण ताकदीनं चाललीय आणि वेग एवढाच?’ ते १०० टक्के म्हणजे ताकद नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की डिस्कला क्षणाचीही उसंत नाही. तिचा सगळा वेळ टोक इकडून तिकडे सरकवण्यात जातोय. त्याच वेळी शेजारी प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर बसलेला दिसेल. दुकानात मी हा एक पडदा गिऱ्हाइकाकडे वळवून दाखवतो, मग फारसं बोलावं लागत नाही.

मग रॅम टाका म्हणणारा दुकानदार चूक का? नाही. चार जीबीतले दीड-दोन जीबी विंडोज १० स्वतःच घेतं. थोडी रॅम पडद्यावरच्या चित्रासाठी राखली जाते, कारण तुमच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचं वेगळं कार्ड बहुतेक नसणार. उरलेल्यात क्रोमच्या सात-आठ टॅब, एक व्हिडिओ आणि वर्ड. भरली रॅम. भरली म्हणून विंडोज ‘जागा नाही’ असं म्हणत नाही. ते रॅममधला सध्या न लागणारा भाग डिस्कवरच्या एका खास फाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. म्हणजे आपण रॅम वापरतोय असं प्रोग्रामला वाटतं आणि प्रत्यक्षात ती वस्तू हार्डडिस्कवर असते. तीन मिनिटांच्या जागी तेरा महिने. रॅम कमी पडल्याचं दुखणं डिस्कच्या १०० टक्क्यांत दिसतं ते असं. एकानं कारण सांगितलं, दुसऱ्यानं लक्षण सांगितलं, आणि दोन्ही तुमच्याच लॅपटॉपची आहेत.

यातलं कुठलं जास्त आहे ते घरीच ताडता येतं. लॅपटॉप पूर्ण चालू होऊन शांत झाल्यावर वर्ड उघडा, बंद करा, लगेच पुन्हा उघडा. पहिल्यांदा अर्धं मिनिट आणि दुसऱ्यांदा चटकन उघडला तर अडचण डिस्कची, कारण दुसऱ्या वेळी ते सगळं रॅममध्येच पडलेलं होतं. दोन-तीन प्रोग्राम असेपर्यंत ठीक आणि टॅब वाढल्या की एका खिडकीतून दुसरीत जायलाही अडखळत असेल, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम. तुमच्या वर्णनात पाच-सहा मिनिटांचा आरंभ पण आहे आणि क्रोमनं मान टाकणं पण आहे, म्हणून मला दोन्ही वाटतात. फक्त वेबसाइटच हळू उघडतात आणि बाकी सगळं ठीक असेल, तर लॅपटॉपला हात लावू नका, वायफाय बघा.

तिसरी एक शक्यता आहे आणि ती आमच्या गावात फार. सुरुवातीला बरा चालतो, पंधरा-वीस मिनिटांनी पंख्याचा आवाज वाढतो आणि मग सगळं संथ. ही उष्णता. प्रोसेसर ठराविक तापमानाच्या वर जाऊ लागला की स्वतःला जपण्यासाठी आपले ठोके कमी करतो. यंत्रमागाच्या शेडमधल्या ऑफिसातून येणारे लॅपटॉप उघडले की पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर निघतो, हवा जायला फटच राहत नाही. बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही. उलट आत आणखी घट्ट बसतो. पंखा काढून साफ करायचा आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. आठ वर्षांत एकदाही उघडला नसेल तर तुमच्याकडेही हे करून घ्या. अंथरुणावर किंवा उशीवर ठेवून वापरत असाल तर ते मात्र आजपासून बंद.

आता भाच्याचं म्हणणं. ६००६यू हा त्या काळीही साधाच प्रोसेसर होता. दोन कोअर, दोन गिगाहर्ट्झ, गरज पडल्यावर वेग वाढवण्याची सोय नाही. व्हिडिओ एडिटिंग, मोठे थ्रीडी गेम, ऑटोकॅडची जड ड्रॉइंग असं काही असतं तर मी भाच्याच्या बाजूनं उभा राहिलो असतो. पण मुलीच्या कामाचा हिशेब करा. ती कितीही भरभर टाइप करणारी असली, सेकंदाला पाच कळा दाबल्या, तरी दोन कळांच्या मध्ये या ‘जुन्या’ प्रोसेसरला चाळीस कोटी ठोके मिळतात. तेवढ्यात कीबोर्डकडून आलेला कळीचा क्रमांक ओळखायचा, तो ‘क’ म्हणजे युनिकोडमधला (जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीतला) २३२५ हा आकडा आहे हे ठरवायचं, मेमरीत नोंदवायचा आणि फॉन्टमधून त्याचा आकार पडद्यावर काढायचा. हे करून तो बराच वेळ रिकामा बसतो. शिवाय या वर्गातल्या लॅपटॉपचा प्रोसेसर मदरबोर्डला कायमचा जोडलेला असतो, तो बदलून मिळत नाही. ‘प्रोसेसर वाढवून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्या दुकानातून लॅपटॉप उचलून घरी या.

भाच्याचा एक मुद्दा मात्र खरा आहे, कदाचित त्याच्याही लक्षात नसेल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे बहुतांशी आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर आहेत. तुमचा सहाव्या पिढीचा. आडवाटेनं ११ टाकून देणारे भरपूर आहेत, मी पण बघतो. पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी त्यात नाही, म्हणून मी गिऱ्हाइकाला ते सुचवत नाही. मुलीच्या कॉलेजला विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर सक्तीचं नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून बघा. ब्राउझर तोच, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, वर्ड-एक्सेलच्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात. गुंतागुंतीची फाइल असेल तर मांडणी थोडी हलते, हे आधीच सांगतो. आणि बँकेचे व्यवहार, आधार, कर असलं काही या लॅपटॉपवर होत असेल, तर अपडेट बंद पडलेल्या विंडोजवर ते करू नका.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं?

सगळ्यात आधी फोटो, मार्कशीटचे स्कॅन, जे काही महत्त्वाचं आहे ते पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढलं असतं. आज, दुकानात जायच्या आधी. आठ वर्षांची हार्डडिस्क आहे. तिच्यावर खराब जागा तयार झाल्या असतील तर तोच तुकडा वाचायला ती पुन्हा पुन्हा धडपडते, आणि तेव्हाही टास्क मॅनेजरमध्ये १०० टक्केच दिसतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम टाकून बघा. निळा ‘गुड’ दिसला तर ठीक. पिवळा दिसला तर ती डिस्क जात चाललीय असं समजा. टकटक आवाज येत असेल तर लॅपटॉप लगेच बंद करा. चालू ठेवून ‘अजून थोडं कॉपी करून घेऊ’ म्हणणाऱ्यांचाच डेटा जातो.

मग एसएसडी. रॅमच्या आधी एसएसडी, हे माझं मत ठाम आहे. नुसती रॅम वाढवली तर सकाळचा आरंभ आणि प्रत्येक प्रोग्रामचं पहिलं उघडणं तसंच रेंगाळत राहील, कारण कोरी रॅम भरायची ती डिस्कवरूनच. उलट आधी एसएसडी टाकली तर आरंभ अर्ध्या मिनिटाच्या आत येतो, आणि रॅम भरल्यावर होणारी ने-आणसुद्धा एसएसडीवर होत असल्यामुळे तेरा महिन्यांचे दोन दिवस होतात. त्रास संपत नाही, सोसण्याजोगा होतो. एखाद्याच्या लॅपटॉपमध्ये आधीच एसएसडी असेल तर हाच सल्ला उलटा, त्यानं सरळ रॅम टाकावी. तुम्हाला २४० किंवा २५६ जीबीची, ओळखीच्या कंपनीची, साटा जोडणीची अडीच इंची एसएसडी पुरेल. काही मॉडेलांत एम-डॉट-टूची (पट्टीसारखी एसएसडी बसवायची) फट असते, पण ती साटाची आहे की एनव्हीएमईची हे पाहिल्याशिवाय घेऊ नका. फट सारखी दिसते आणि आतली भाषा वेगळी असते. तुमच्या कामाला त्या दोहोंतला फरक जाणवणारही नाही. हार्डडिस्कवरून एसएसडीवर आलात की नव्व्याण्णव टक्के सुख तिथेच मिळतं.

दुकानदार ‘क्लोन मारून देतो’ म्हणेल, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल. लवकर होतं, पण आठ वर्षांचा कचराही सोबत येतो. माझं म्हणणं, विंडोज असो की लिनक्स, कोरं टाकून घ्या आणि फायली तेवढ्या परत भरा. एक अट: टॅलीसारखं लायसन्सचं काही त्यावर असेल तर ते परत कसं चालू करायचं हे आधी विचारून ठेवा.

त्यानंतर, खिसा परवानगी देईल तेव्हा, रॅम आठ जीबी करा. इथे मॉडेलवर फार अवलंबून आहे. ६००६यू हा डीडीआर-३एल आणि डीडीआर-४ दोन्ही चालवतो, कंपनीनं मदरबोर्डवर कुठली सोय दिलीय ते वेगळं. दोघींची खाच वेगवेगळ्या जागी असते, एक दुसरीत बसत नाही. काही लॅपटॉपमध्ये चार जीबी बोर्डालाच चिकटवलेली आणि एक फट रिकामी असते, काहींत फट एकच. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती फटी आहेत आणि किती वापरात आहेत ते दिसतं. रॅमचे भाव बाजारात सतत वर-खाली होत असतात, म्हणून आकडा लिहीत नाही. दोन दुकानांत विचारा.

एसएसडी, साफसफाई आणि रॅम मिळून खर्च नव्या साध्या लॅपटॉपच्या पाव किमतीच्या आत बसत असेल तर करा. स्क्रीन, बॅटरी, बिजागरं यांपैकीही काही गेलं असेल आणि बेरीज निम्म्याच्या जवळ जात असेल, तर भाच्याचं ऐका. मुलगी पुढच्या वर्षी इंजिनिअरिंग किंवा डिझाइनला जाणार असेल तर आता फक्त एसएसडी टाकून वर्ष काढा आणि ती पुढे काय घेते ते बघून नवा घ्या.

पैसे न घालता करण्यासारखंही एक आहे. विंडोज १० मध्ये ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठावं म्हणून त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते. त्यामुळे रोज बंद करूनही तो खऱ्या अर्थानं ताजा होत नाही. ‘रीस्टार्ट’ केलं तरच होतो. आठवड्यातून एकदा करा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये जाऊन न लागणारे प्रोग्राम बंद करा, आणि दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. ‘पीसी फास्ट करून देतो’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं मात्र टाकू नका. तीसुद्धा त्याच चार जीबीत येऊन बसतात.

जुनी हार्डडिस्क तपासणीत चांगली निघाली तर यूएसबीच्या डबीत घालून घ्या, फोटो ठेवायला होईल. पण तेच फोटो आणखी एका ठिकाणी असू द्या. एसएसडीबद्दल एक लक्षात ठेवा: तिच्यावरून डिलीट झालेली फाइल परत मिळणं हार्डडिस्कपेक्षा फार अवघड, कारण मोकळ्या झालेल्या जागा ती मागच्या मागे पुसून टाकते.

लॅपटॉपच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल नंबर आणि टास्क मॅनेजरच्या मेमरी पानाचा फोटो टाका. रॅम कुठली बसेल आणि फट रिकामी आहे का, ते त्यावरून सांगतो.